टेकडीवर युरिया उधळण्याआधी चोवीस तास थांबा

प्रति,
मराठवाड्यातल्या बालाघाटाच्या टेकड्यांवर वृक्षलागवडीचं काम पाहणाऱ्या समितीचे सर्व सदस्य, वनीकरणाचे अधिकारी आणि रविवारी सकाळी घमेली-कुदळी घेऊन येणारी मित्रमंडळी

विषय : उभ्या रानात रासायनिक खत फेकण्याचा ठराव तूर्त थांबवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मागच्या बैठकीत मी हात वर केला होता, पण तोवर चहा आला. चहानंतर फोटो, फोटोनंतर आभार, आणि ठराव मंजूर : यंदा पहिला चांगला पाऊस झाला की टेकडीवरच्या जुन्या झाडीत एकरी एक पोतं युरिया आणि एक पोतं डीएपी फेकायचं. चाळीस एकरांत. खत देणगीत मिळतंय, ट्रॅक्टर पायथ्यापर्यंत फुकट येतोय, पोरं हौशी आहेत. मग अडलंय कुठं, असा एकूण सूर होता. एक ज्येष्ठ सदस्य तर म्हणाले, "सोयाबीनला टाकतोच की आपण. झाडाला टाकलं तर काय बिघडलं?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर दोन मिनिटांत देता आलं नसतं, म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांसमोर, कारण असे ठराव एका टेकडीपुरते राहत नाहीत. यंदा आपण केलं की पुढच्या वर्षी शेजारचा तालुका करतो.

आधी माझ्याबद्दल गैरसमज नको. मी खतांच्या विरोधात नाही. सोयाबीन पेरताना माझ्याही शेतात डीएपी पडतं. जवळपास तीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे 'रसायन' शब्द ऐकून दचकायची सवय नाही. नव्या रोपाच्या खड्ड्यात दोन घमेली शेणखत आणि मूठभर सुपर फॉस्फेट टाकायला माझी ना नाही. मुरमात खोदलेल्या खड्ड्यात त्या लेकराला खायला काहीतरी हवंच. मी बोलतेय ते उभ्या रानाबद्दल. जिथं धावडा, पळस, खैर, सालई, मोई, टेंभुर्णी आणि मधेमधे सीताफळ आपलं आपण उगवलंय, कोणी लावलं नाही, कोणी टँकरनं पाणी घातलं नाही, त्या झाडीबद्दल.

शेतातून आपण दरसाल काढून नेतो. सोयाबीनचे कट्टे मोंढ्यावर जातात, तुराट्या घरी येतात, कडबा गोठ्यात जातो. जे नेलं ते भरून द्यावं लागतं, म्हणून खत. रानातून काही नेलं नाही तर तिथं हिशेब वेगळा चालतो. पान गळतं, तिथंच पडतं, तिथंच कुजतं आणि त्यातलं नत्र-स्फुरद (नायट्रोजन-फॉस्फरस) पुन्हा त्याच मुळांना मिळतं. भांडवल तेच, फक्त फिरतं. ते फिरवतात बुरशी, जिवाणू, वाळवी, गांडुळं. आणि ही सगळी मंडळी, शिवाय झाडांची मुळं, तुमच्या-माझ्यासारखीच श्वास घेतात : प्राणवायू आत, कार्बन डायऑक्साइड बाहेर. या सगळ्यांचा मिळून जमिनीतून जो उच्छ्वास वर येतो, त्याला मृदा श्वसन म्हणतात. मी साधं 'मातीचा श्वास' म्हणेन.

हा श्वास किती मोठा आहे याची कल्पना यावी म्हणून एकच तुलना देते. जगभरचा कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून माणूस वर्षाला जेवढा कार्बन हवेत सोडतो, त्याच्या साधारण आठ ते दहा पट कार्बन जमिनीच्या श्वासातून वर येतो. झाडं तो पुन्हा ओढून घेतात म्हणून तोल राहतो. तराजूच्या एवढ्या जड पारड्याला आपण हात लावणार आहोत.

त्यातला मुळांचा वाटा किती आणि कुजवणाऱ्यांचा किती, हे स्वीडनमध्ये फार युक्तीनं शोधलं गेलं. तिथल्या पाइनच्या जंगलात झाडांच्या खोडाची साल गोल सोलून काढली. आपल्याकडे हा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे. बांधावरचं झाड नकोसं झालं की रात्रीतून कोणीतरी साल सोलतं आणि सकाळी 'रोग पडला' म्हणून हळहळतं. साल गेली की पानांत तयार झालेली साखर खाली मुळांपर्यंत पोचत नाही. २००१ साली त्या प्रयोगाचे निकाल छापून आले : एक-दोन महिन्यांत मातीचा श्वास सुमारे ५४ टक्क्यांनी उतरला. म्हणजे निम्म्याहून जास्त श्वास झाडानं अलीकडेच बनवलेल्या साखरेवर चालला होता. ती साखर मुळं खात होती आणि मुळांना बिलगलेली बुरशी खात होती. मातीच्या वर झाड आणि खाली जमीन असे दोन संसार नाहीतच.

आता गेल्या वर्षीची गोष्ट सांगते. मे महिन्याच्या शेवटी मी टेकडीवर चार डबे घेऊन गेले. फरसाण येतं ते प्लास्टिकचे, तोंडाचा व्यास २० सेंटिमीटर. जागा निवडायची, गवत कात्रीनं कापायचं, पण उपटायचं नाही. सरबताच्या बाटल्यांची तीन बुचं ठेवायची आणि त्यांवर जॅमची रिकामी बरणी, तिच्यात मोजून घातलेलं कॉस्टिक सोड्याचं द्रावण. वरून डबा पालथा घालून कड दोन बोटं मातीत दाबायची. ऊन लागू नये म्हणून वर ओलं गोणपाट. एका डब्याला मात्र खालून झाकण लावून बंद ठेवायचं, म्हणजे मातीशी त्याचा संबंध नाही. तो आपला तुलनेचा डबा. चोवीस तास थांबायचं. जमिनीतून येणारा कार्बन डायऑक्साइड तो सोडा शोषून घेतो.

शेळ्या चारणारे एक आजोबा बराच वेळ बघत उभे होते. शेवटी न राहवून म्हणाले, "बाई, हे डबे कशाला पालथे घालायलाव?" म्हटलं, जमीन श्वास किती घेते ते मोजतेय. ते हसले नाहीत. म्हणाले, "आता कशाचा श्वास? निबर पडलीय ती. मिरगाचा पाऊस पडू द्या, मग बघा कशी धापा टाकती."

दुसऱ्या दिवशी बरण्या घरी आणल्या. त्यात बेरियम क्लोराइड टाकलं की शोषलेला वायू पांढरा साका होऊन खाली बसतो, चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकल्यावर ती दुधाळ होते ना, तसाच. मग फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब. द्रावण गुलाबी होतं. ब्युरेटमधून थेंब-थेंब हायड्रोक्लोरिक आम्ल सोडायचं, गुलाबी रंग जाईपर्यंत. मातीवरच्या डब्यांना आणि बंद डब्याला जवळजवळ सारखंच आम्ल लागलं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. चुकलं नव्हतं. जमीन खरंच गप्प होती.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला, त्या संध्याकाळी पुन्हा गेले. उन्हाळ्याच्या अंदाजानं मी पातळ द्रावण नेलं होतं. सकाळी बरणीत फिनॉल्फ्थॅलिन टाकलं तर गुलाबी रंग आलाच नाही. सोडा रात्रीतच संपला होता! आजोबा बरोबर होते. माझा आकडा मात्र वाया गेला. सोडा निम्म्याहून जास्त खर्ची पडला की मोजमाप खोटं ठरतं, हे मीच वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले होते.

कोरडी माती भिजली की श्वास असा एकदम उसळतो, हे केनियात एच. एफ. बर्च यांनी १९५० च्या दशकात मोजून मांडलं. त्यांच्याच नावानं तो परिणाम ओळखला जातो. आपल्याकडे पहिल्या पावसाच्या वासावर कविता पुष्कळ झाल्या. त्याच तासाला पायाखाली काय चाललंय, तिकडे कवींचं लक्ष गेलं नाही एवढंच.

आणि इथंच आपल्या ठरावाची अडचण सुरू होते. बनारस हिंदू विद्यापीठातले जे. एस. सिंह आणि त्यांचे सहकारी यांनी विंध्याच्या बाजूच्या कोरड्या पानझडी रानांत, म्हणजे आपल्या रानाच्या नात्यातल्याच रानांत, काम केलं. १९८९ साली त्यांनी दाखवलं की मातीतल्या सूक्ष्मजीवांचं वस्तुमान उन्हाळ्यात, कोरड्या दिवसांत सर्वांत जास्त असतं आणि पावसाळ्यात सर्वांत कमी. उलटं वाटतं, पण विचार करा. उन्हाळाभर हे जीव नत्र आणि स्फुरद आपल्या अंगात धरून ठेवतात, पाणी नसल्यानं झाडाला तेव्हा ते घेताही येत नसतं. पाऊस आला की त्यातले पुष्कळ जीव मरतात, फुटतात, बाकीचे त्यांना खातात, आणि धरलेलं सगळं मोकळं होतं. नेमकं त्याच आठवड्यात झाडांच्या वाढीला जोर चढायचा असतो. सावकाराचं तोंड न बघता बी-बियाण्याची सोय घरातच करून ठेवणाऱ्या बाईसारखं रान वागतं. आणि आपण त्याच आठवड्यात ट्रॅक्टर घेऊन जाणार. झाडाची मुळं आणि ते जीव दोघेही भरल्या ताटावर बसलेले असताना वरून आपण वाढणार. त्यातलं त्यांना किती लागेल आणि किती ओढ्यानं खाली पाझर तलावात जाईल, याचा अंदाज समितीतल्या कोणत्याही शेतकऱ्याला बांधता येईल.

बरं, मात्रा किती? पोत्याचा हिशेब करू. युरियात ४६ टक्के नत्र. ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात १८ टक्क्यांनी ९ किलो. एकरी झालं २९.७ किलो, हेक्टरी साधारण ७३. शेताच्या मानानं हा आकडा कोणाच्या डोळ्यात भरणार नाही. पण जंगलात खत टाकून काय होतं याचा जगातला एक गाजलेला प्रयोग अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९८८ मध्ये सुरू झाला. त्यात एका गटाला वर्षाला हेक्टरी ५० किलो नत्र दिलं आणि दुसऱ्याला १५०. आपण या दोन्हींच्या मधे बसतो.

तिथं काय झालं ते मुद्दाम सावकाश सांगते, कारण समितीला फोटो आवडतात. रुंदपानी झाडांच्या भागात पहिल्या वर्षी खत पडल्यावर मातीचा श्वास वाढला. त्या वर्षी कोणी अहवाल लिहिला असता तर 'जमीन जिवंत झाली' असंच लिहिलं असतं. प्रयोग थांबला नाही. तेराव्या वर्षी मोजलं तेव्हा १५० किलोवाल्या तुकड्यांत श्वास बिनखताच्या तुकड्यांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी भरला. पाइनच्या भागात तर जास्त मात्रेखाली झाडंही मोठ्या संख्येनं मेली. दक्षिण चीनमध्ये डिंगहुशानच्या जुन्या जंगलात हेक्टरी १५० किलो नत्रानं श्वास सुमारे १४ टक्के घटला.

असं का व्हावं? नत्र आयतं मिळायला लागलं की झाड मुळांकडे आणि मुळांच्या बुरशीकडे साखर पाठवणं कमी करतं. घरपोच डबा येत असेल तर मेसचे पैसे कोण भरेल? वाळलेल्या पानांत, काड्यांत जो चिवट भाग असतो, लिग्निन, तो फोडण्याचं काम मुख्यत्वे पांढरी कूज आणणाऱ्या बुरशी करतात, आणि त्यांतल्या कित्येक बुरशी नत्राची रेलचेल झाली की ते फोडणारी विकरं (एन्झाइम) बनवणं आखडतात. पाला पडतो, पण कुजत नाही. नत्राबरोबर जमीन आम्लही होत जाते, हे तिसरं कारण. आपल्याकडे ते वेगळ्याच वाटेनं जातं, त्यावर पुढं येते.

आता दुसरी बाजू. कोस्टा रिकातल्या पर्जन्यवनात नत्र आणि स्फुरद टाकल्यावर उलटं झालं, श्वास वर्षभरात सुमारे २० टक्क्यांनी चढला. स्फुरदाची तिथं इतकी वाण होती की ते मिळताच सूक्ष्मजीवांनी पानांतून झिरपणारा कार्बन भराभर खाऊन टाकला. म्हणजे खतानं श्वास घटतोच किंवा वाढतोच असा नियम नाही. त्या जागी कशाची कमतरता आहे, रान किती जुनं आहे, आणि तुम्ही पहिल्या वर्षी मोजताय की तेराव्या, यावर सगळं ठरतं. म्हणून कोणी माझ्या या पत्रातला ४० टक्के आकडा उचलून बालाघाटाला लावला तर मीच पहिली हरकत घेईन. हार्वर्डची माती थंड आणि आम्ल. आपली काळ्या बेसॉल्ट खडकाची, तापणारी, चुनखडीची. पालाश भरपूर, नत्र आणि स्फुरद बेताचं. मृदा आरोग्य पत्रिका ज्यांनी वाचली आहे त्यांना हे पाठ असेल. माझा अंदाज विचाराल तर पहिल्या दोन वर्षांत आपली टेकडी हिरवी दिसेल, श्वासही चढेल, आणि समितीचं कौतुक होईल. मला धास्ती त्यानंतरच्या दहा वर्षांची आहे, ज्यात समिती बदललेली असेल.

चुनखडीचं वेगळं सांगायलाच हवं, कारण त्यात मोजणाराही फसतो. टेकडीच्या उतारावरची माती चिमूटभर घ्या, बशीत ठेवा, पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. कित्येक ठिकाणी ती इनो टाकल्यासारखी फसफसते. तो फेस म्हणजे चुनखडीतून सुटलेला कार्बन डायऑक्साइड. आता युरिया जमिनीत गेला की त्याचं अमोनियम होतं, अमोनियमचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल चुनखडीवर हेच काम गुपचूप करत राहतं. डब्यात आकडा वाढलेला दिसेल, पण तो श्वास नव्हे, दगड विरघळतोय! शिवाय युरियाच्या रेणूत कार्बन आहेच. पाण्याशी त्याचं विघटन झालं की ६० ग्रॅम युरियामागे ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो. एका ४५ किलोच्या पोत्यातून ३३ किलो. आपल्या चाळीस पोत्यांतून १३२० किलो, एकही पान कुजायच्या आधी. पर्यावरण दिनाच्या फलकावर हा आकडाही लिहावा अशी माझी नम्र सूचना आहे.

तसंच पाल्यावर उधळलेल्या युरियाचा काही भाग मातीत शिरायच्या आधीच अमोनिया होऊन उडतो, आणि आपल्यासारख्या विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या, जमिनीत जास्तच. शेतात आपण तो मातीआड करतो; चाळीस एकर झाडीत कोण करणार? उरलेल्यातला काही भाग अतिवृष्टीत अडचण करतो. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जमिनी कशा पाण्याखाली होत्या ते कोणाला सांगायला नको. वाफसा असतो तेव्हा मातीत हवाही असते आणि ओलही असते, श्वास सर्वांत मोकळा तेव्हाच चालतो. पाणी साचलं की हवा संपते आणि जिवाणू प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरू लागतात. त्यातून नायट्रस ऑक्साइड निघतो, आणि तो शंभर वर्षांच्या हिशेबानं कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवणारा वायू आहे. उतारावर हे कमी, पण टेकडीच्या तळाशी, जिथं काळी खोल माती आहे, तिथं नक्की.

बैठकीनंतर दारात एका तरुण सदस्यानं मला गाठलं. इंजिनिअर आहे, वाचतो, चांगला मुलगा आहे. म्हणाला, "मॅडम, श्वास कमी झाला तर कार्बन जमिनीतच राहिला. मग हे चांगलंच की!" कागदावर त्याचं बरोबर आहे, आणि थंड देशांत हा युक्तिवाद गंभीरपणे मांडला जातो. पण आपल्या टेकडीवर न कुजलेला पाला म्हणजे होळीच्या सुमाराचं सरपण. फेब्रुवारीपासून वणवे सुरू होतात. बिडीचं एक थोटूक पुरतं. बुरशीनं दोन वर्षांत सावकाश सोडला असता तो कार्बन एका दुपारी धुराबरोबर जाईल, आणि त्याच्याबरोबर पाल्यातलं नत्रही. तो म्हणाला, मग जीवामृत टाकू. त्यात गूळ आणि बेसन असतं. साखर मिळाली की जिवाणू उसळतात, श्वास वाढतो; कधीकधी त्या जोरात ते जमिनीतला जुना साठाही खाऊन टाकतात. श्वास कमी झाला म्हणून आनंद नको आणि वाढला म्हणूनही नको. धावून आलेल्याचाही श्वास वाढतो आणि तापानं फणफणलेल्याचाही. डॉक्टर नाडीबरोबर बाकीचंही बघतो.

लातूर जिल्ह्यात तर जंगल भूभागाच्या एक टक्क्याच्या आत आहे. २०१९ साली राज्यात ३३ कोटी झाडांचं लक्ष्य होतं. त्यातली आपल्या तालुक्यातली किती जगली हा वेगळा विषय, आज नको. पण जे रान कोणी न लावता उभं आहे, त्याला प्रयोगशाळा करायची तर निदान प्रयोगासारखी करू.

म्हणून माझी विनंती अशी. ठराव रद्द करू नका, एक वर्ष पुढं ढकला. चाळीस एकरांऐवजी दहा बाय दहा मीटरचे सोळा तुकडे आखू. चार तुकड्यांत काहीच नाही, चारांत युरिया, चारांत युरिया आणि डीएपी, चारांत कुजलेलं शेणखत. कोणत्या तुकड्याला काय, ते चिठ्ठ्या टाकून. तुकडे एकमेकांपासून एवढे लांब की एकाचं पाणी दुसऱ्यात वाहणार नाही. प्रत्येकात दोन डबे. मोजायचं मृगाच्या आधी, पहिल्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी, पोळ्याला, दिवाळीत, संक्रांतीला आणि होळीच्या आत. दर वेळी दहा सेंटिमीटर खोलीवर थर्मामीटर आणि मूठभर माती ओलाव्यासाठी. ती १०५ अंशांना वाळवून पुन्हा तोलायची. जिथं माती आम्लानं फसफसते त्या तुकड्याची वेगळी नोंद. पाला किती पडला आणि पुढच्या वर्षी किती उरला, ते जाळीच्या पिशव्यांत भरून तोलायचं. श्वासाचा आकडा आणि पाल्याचा आकडा शेजारीशेजारी ठेवल्याशिवाय कशालाच अर्थ नाही. एका वर्षानं तेराव्या वर्षाचं उत्तर मिळणार नाही हे मला कळतं. पण बिनखताचे चार तुकडे आजच आखले नाहीत, तर तेराव्या वर्षी तुलना करायला काही उरणारच नाही.

खर्चाची काळजी करू नका. गणित बारावीच्या पोराला जमेल : एक नॉर्मल सोड्याचा एक मिलिलिटर खर्ची पडला म्हणजे २२ मिलीग्रॅम कार्बन डायऑक्साइड. समजा फरक ८ मिलिलिटरचा आला, तर १७६ मिलीग्रॅम. २० सेंटिमीटरच्या डब्यासाठी ते चौरस मीटरला दिवसाला साधारण ५.६ ग्रॅम होतात. गावातल्या कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयात ब्युरेट आहे. काटेकोर कामासाठी परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ काही लांब नाही; तिथल्या मृदाशास्त्र विभागाला समितीच्या लेटरहेडवर पत्र गेलं तर वजन पडेल, माझ्या नावानं गेलेल्याला पडणार नाही. देणगीतलं खत परत करायची गरज नाही. सोळा तुकड्यांना फार तर पोतं-दोन पोती लागतील. बाकीचं टेकडीच्या पायथ्याच्या अल्पभूधारकांना वाटा, त्यांना पेरणीला उपयोगी पडेल.

एवढं मात्र लगेच करता येईल : टेकडीवरचा पाला झाडून ढीग लावणं आणि पेटवणं बंद. गेल्या श्रमदानात आपण दोन ट्रॉल्या पाला 'कचरा' म्हणून खाली आणला. मीही त्यात होते, घमेलं माझ्याच हातात होतं.

मृगाच्या आधीच्या रविवारी पहिलं मोजमाप घेऊ. बारा डबे माझ्याकडे धुऊन ठेवलेत, वीस आणखी लागतील. मोंढ्यातल्या मिठाईवाल्याकडे रिकामे मिळतात. सोड्याचं द्रावण मी करून आणेन, त्याला लहान मुलांना हात लावू देऊ नका. प्रत्येकानं एक जुनं गोणपाट आणि पाण्याची बाटली आणावी. सकाळी सातच्या आत पायथ्याशी या, नंतर टेकडी तापते. आणि सोमवारी सकाळी सात वाजता बरण्या उचलायला किमान चार जण लागतील. रविवारी येणारे पुष्कळ असतात, म्हणून सोमवारची नावं आधी कळवा. शेळ्या तेवढा दिवस पलीकडच्या उतारावर चारायचं आजोबांनी कबूल केलंय.

आपली,
समितीतली एक निवृत्त शिक्षिका